फिल्मवर फोटो काढायचेत? पहिला रोल भरण्याआधी हे एकदा वाचून घ्या

माझ्या पहिल्या फिल्म रोलवर एकही फोटो नाही. ३६ फोटोंचा रोल होता, मी आपला प्रत्येक फ्रेमला दहादा विचार करून, श्वास रोखून बटण दाबत होतो, काउंटर ३६ वर गेला, मग ३७, ३८, ३९, आणि मला वाटलं वा, नशीबवान आहे, तीन फोटो जास्तीचे मिळतायत. शेवटी मागचं झाकण उघडलं तर फिल्मचं टोक जसं ठेवलं होतं तसंच पडलेलं, फिल्म गुंडाळून घेणाऱ्या स्पूलमध्ये अडकलंच नव्हतं. म्हणजे महिनाभर मी रिकाम्या कॅमेऱ्याने फोटो काढत फिरत होतो.

असे घोळ मी बरेच घातलेत आणि त्यातले निम्मे तरी कुणी आधी सांगितलं असतं तर टळले असते, म्हणून हे लिहितोय.

आधी तो प्रश्न, जो घरचे, मित्र, सगळेच विचारतात, की खिशात मोबाइल असताना हा उपद्व्याप कशाला? आणि प्रश्न काही चुकीचा नाही. कोडॅकच्याच एका इंजिनिअरने, स्टीव्ह सॅसनने, १९७५ साली पहिला हातात धरता येईल असा डिजिटल कॅमेरा बनवला होता, ०.०१ मेगापिक्सेलचा, आणि त्याच कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तेव्हा सगळ्यांनी फिल्मचं तेरावं घालून टाकलं होतं. पण झालं भलतंच. बंद केलेली एक्टाक्रोम नावाची फिल्म कोडॅकने २०१८ मध्ये परत आणली, फुजीने अ‍ॅक्रॉस ही फिल्म बंद केली आणि वर्षभरात अ‍ॅक्रॉस टू म्हणून पुन्हा बाजारात आणली, आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने चक्क नवाकोरा फिल्म कॅमेरा काढला, पेंटॅक्स १७.

लोक म्हणतात फिल्मचा 'लूक' वेगळा असतो. असतो, पण खरं सांगू का, त्यातला बराचसा लूक रोल कसा धुतला आणि कसा स्कॅन केला यावर ठरतो, आणि नुसता लूकच हवा असेल तर मोबाइलमधला फिल्टर लावा, पैसे वाचतील. मला जे धरून ठेवतं ते वेगळं आहे. बटण दाबल्यावर कॅमेऱ्याच्या पाठीमागे बघायला काहीच नसतं, त्यामुळे मान खाली जात नाही, समोरचा माणूस समोरच राहतो. आणि रोल धुऊन येईपर्यंत आपण काय काढलं होतं ते अर्धं विसरलेलो असतो, तर स्वतःचेच फोटो परक्याचे असल्यासारखे बघता येतात. आता ही गंमत अनुभवायची तर पहिले चार-पाच रोल धड निघायला हवेत, कारण बहुतेक जण दुसऱ्या कोऱ्या रोलनंतर कंटाळून कॅमेरा कपाटात ठेवून देतात. त्यामुळे खालचं सगळं त्या पहिल्या चार-पाच रोलसाठी आहे.

१. सामान गोळा करा, पण थोडंच

सुरुवातीला लागतं ते एवढंच:

- ३५ एमएमचा एक चालू कॅमेरा आणि एक ५० एमएम लेन्स
- त्या कॅमेऱ्याला लागणारी बॅटरी, आणि एक जास्तीची
- एकाच प्रकारचे तीन रोल
- मोबाइलमधलं लाइट मीटरचं, म्हणजे उजेड मोजणारं, कुठलंही फुकट अ‍ॅप
- छोटी वही आणि पेन
- जुना, वाया गेलेला एखादा रोल, सरावासाठी (हा सगळ्यात महत्त्वाचा, याच्यावर पुढे बोलू)

कॅमेऱ्याच्या बॅगा, फिल्टर, तीन लेन्स, यातलं काहीही आत्ता घेऊ नका. १२० फिल्मचा (ही ३५ एमएमपेक्षा रुंद असते) मोठा कॅमेराही आत्ता नको. त्याची निगेटिव्ह बघून जीव हरखतो हे मान्य, पण चौकोनी ६ बाय ६ मध्ये एका रोलवर फक्त १२ फोटो येतात, आणि शिकताना चुका करायला १२ फार कमी पडतात.

२. कुठला कॅमेरा?

इथे लोक महिनोन्महिने व्हिडिओ बघत बसतात. तसं करू नका. दोनच प्रकार डोक्यात ठेवा. एक म्हणजे पूर्ण मेकॅनिकल, ज्यात बॅटरी फक्त लाइट मीटरसाठी लागते आणि बॅटरी संपली तरी शटर, म्हणजे फोटो काढताना क्षणभर उघडणारा पडदा, चालतं. पेंटॅक्स के १०००, निकॉन एफएम २, ऑलिंपस ओएम-१ हे त्यातले. दुसरा म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवाला, उदाहरणार्थ कॅनन एई-१, तो वापरायला सोपा, पण बॅटरी गेली की शटर उडतच नाही, हातात नुसतं वजन.

माझं मत विचाराल तर शिकायला पहिला प्रकार. के १००० हा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता, त्यात शटर स्पीड (पडदा किती वेळ उघडा राहतो), अ‍ॅपर्चर (लेन्समधलं भोक किती मोठं), फोकस आणि मीटरचा काटा याशिवाय काही नाहीच, त्यामुळे चुकलं तर कुठे चुकलं ते कळतं. एक बारीकशी गोष्ट, त्याच्या मीटरला चालू-बंदचं बटणच नाही, लेन्सवर टोपी लावली की तो झोपतो. टोपी न लावता कॅमेरा टेबलावर ठेवला तर बॅटरी हळूहळू संपते आणि आपण कॅमेऱ्याला शिव्या देत बसतो.

पूर्ण ऑटोमॅटिक छोटे कॅमेरे, म्हणजे नुसतं रोखा आणि दाबा वाले, तेही मस्त असतात. पण ते बिघडले की दुरुस्त होणं कठीण, आतली इलेक्ट्रॉनिक्स मिळत नाही, आणि फॅशनमुळे त्यांची किंमत उगाच चढलेली असते. पहिलाच कॅमेरा म्हणून त्यात पैसे घालू नका.

३. विकत घेण्याआधी कॅमेरा तपासा

'मस्त चालू कंडिशनमध्ये आहे' हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं. विकणाऱ्याने बहुतेक वेळा त्यात रोल घालून बघितलेलाच नसतो, त्याने फिल्म पुढे सरकवायचं लिव्हर ओढलेलं असतं, क्लिक आवाज आलेला असतो, झाली कंडिशन मस्त. तुम्ही स्वतः हातात घेऊन हे बघा.

शटर: मागचं झाकण उघडा (आत रोल नाही ना ते आधी विचारा!), लेन्स उजेडाकडे धरा आणि सगळ्या स्पीडवर एकेक करून शटर उडवा. १ सेकंद म्हणजे खरोखर 'एक हजार एक' म्हणेपर्यंत उघडं राहायला हवं. जुन्या कॅमेऱ्यातलं ग्रीस घट्ट होतं आणि सगळ्यात आधी हे सावकाश स्पीड मरतात, १ सेकंदाला शटर अडकून बसतं किंवा दोन-अडीच सेकंद घेतं. वरच्या टोकाला १/१००० वर मागून बघताना पूर्ण फ्रेमभर उजेडाची झलक दिसली पाहिजे, एक बाजू काळी राहिली तर पडदे नीट पळत नाहीयेत. पडद्याला बोट लावायचं नाही, कधीच नाही.

स्पंज: झाकणाच्या कडेला आणि खाचांमध्ये काळा स्पंज असतो, उजेड आत जाऊ नये म्हणून. तीस-चाळीस वर्षांनी त्याचं डांबर होतं, बोटाला चिकटतं. हा मोठा दोष नाही, तो बदलता येतो, पण न बदलता रोल घातला तर फोटोंवर नारिंगी पट्टे येतात. कुणी त्याला 'व्हिंटेज इफेक्ट' म्हणतं, कौतुक करायचं तर करा, पण तो गळका कॅमेरा आहे.

लेन्स: मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका टोकाकडून पाडा आणि दुसऱ्या टोकाने तिरकं बघा. धूळ थोडी असणारच, तिने काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, ती लेन्स सोडून द्या. आतून दुधाळ धुकं दिसलं तरी सोडा. मग अ‍ॅपर्चरची पाती बघा, ती कोरडी आणि झटकन मिटणारी हवीत. त्यांच्यावर तेल आलं असेल तर ती आळसावतात आणि एफ १६, म्हणजे अगदी छोटं भोक, लावला तरी फोटो निघताना पूर्ण मिटत नाहीत.

बॅटरीचा कप्पा: नाण्याने उघडा. आत हिरवट-पांढरी भुकटी असेल तर कधीतरी बॅटरी गळलीये. थोडीशी असेल तर पुसून निघते, पण वायर खाल्ली गेली असेल तर मीटर कायमचा गेला.

बॅटरीवरून अजून एक सापळा. साठ-सत्तरच्या दशकातले बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचे, वर सांगितलेला ओएम-१ त्यातलाच. त्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. त्याच मापाची १.५ व्होल्टची अल्कलाइन बसते, काटाही हलतो, म्हणून आपण खूश, पण मीटर चुकीचं सांगत असतो आणि अल्कलाइनचा व्होल्टेज वापरता वापरता उतरत जातो, म्हणजे चूकही रोज वेगळी. कानाच्या यंत्राला लागतात त्या झिंक-एअर बॅटऱ्या याच्या बऱ्याच जवळ जातात, त्या बसवायला छोटी रिंग मिळते. नाहीतर मोबाइलचं अ‍ॅप आहेच.

४. रोल कुठला घ्यायचा

रोलच्या डबीवर दोन गोष्टी वाचा: आयएसओ आणि प्रोसेस.

आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा. ४०० घ्या. उन्हात चालतो, ढगात चालतो, खिडकीपाशी घरातही चालतो. प्रोसेस म्हणजे रोल कुठल्या रसायनात धुवायचा. रंगीत निगेटिव्ह सी-४१ मध्ये, स्लाइड (जिच्यावर थेट खरे रंग उमटतात ती फिल्म) ई-६ मध्ये, ब्लॅक अँड व्हाइट वेगळ्याच रसायनांत. सुरुवातीला रंगीत हवं तर सी-४१ चा कुठलाही स्वस्तातला रोल, कोडॅक अल्ट्रामॅक्स ४०० वगैरे, आणि ब्लॅक अँड व्हाइट हवं तर इल्फर्ड एचपी ५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स. इल्फर्डचा एक्सपी २ हा रोल ब्लॅक अँड व्हाइट असूनही सी-४१ मध्येच धुतला जातो, त्यामुळे ज्यांच्या जवळच्या लॅबमध्ये फक्त रंगीत धुतात त्यांना तो बरा पडतो.

स्लाइड फिल्म आत्ता नको. निगेटिव्ह फिल्म उजेड जास्त झाला तरी सांभाळून घेते, एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त गेले तरी फोटो येतो. स्लाइड अर्धा स्टॉप चुकला तरी लगेच तोंड पाडते.

सिनेमाच्या फिल्मवाले रोल हा आजकालचा नवा सापळा आहे. बऱ्याचशा खऱ्या रंगीत सिनेमा फिल्मच्या पाठीवर रेमजेट नावाचा काळा थर असतो, आणि तो ईसीएन-२ नावाच्या प्रोसेसमध्ये काढावा लागतो. कुणीतरी ती फिल्म छोट्या डब्यात भरून विकतं, आपण साध्या लॅबला देतो आणि त्यांच्या मशीनमधल्या रसायनाची वाट लागते, बाकीच्यांचे रोलही खराब होऊ शकतात. सिनेस्टिलचे रोल यातून वेगळे, त्यांनी तो थर आधीच काढलेला असतो, म्हणून ते सी-४१ ला चालतात, आणि थर नसल्यामुळेच रात्रीच्या दिव्यांभोवती ते लाल वलय येतं ज्याच्यासाठी लोक वेडे झालेत. त्यामुळे घेताना रेमजेट आहे का हे विचारा आणि लॅबला देताना तोंडाने सांगा.

मुदत संपलेला रोल स्वस्त मिळतो, पण पहिल्यांदाच नको. फोटो खराब आला तर रोल खराब होता की आपण, हे कळायला मार्ग नाही.

५. रोल भरणं

आता माझ्या त्या रिकाम्या महिन्याकडे येऊ. तो वाया गेलेला सरावाचा रोल काढा आणि हे दहा वेळा करा, टीव्ही बघत करा, पण करा.

रिवाइंडची, म्हणजे फिल्म परत डबीत गुंडाळायची, नॉब वर ओढली की झाकण उघडतं. रोलची डबी डावीकडे बसवा, नॉब खाली दाबून अडकवा. फिल्मचं टोक ओढून उजवीकडच्या स्पूलच्या खाचेत घाला, आणि आता झाकण लावायची घाई करू नका. झाकण उघडं ठेवूनच लिव्हर एकदा ओढा. फिल्मच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंची भोकं दातांवर बसली आहेत आणि फिल्म स्पूलभोवती खरंच गुंडाळली जातेय हे डोळ्याने बघा. सुरुवातीचा हा तुकडा तसाही उजेडात जळणार असतो, त्याची काळजी नको, त्यावर फोटो नसतोच. मग झाकण लावा.

आता खरी किल्ली. रिवाइंडच्या नॉबवरची छोटी दांडी उलगडा आणि बाणाच्या दिशेने अगदी हलकेच फिरवा, डबीतली ढिली फिल्म ताठ होईपर्यंत. जरा अडलं की थांबा. मग लिव्हर ओढा, शटर उडवा, परत लिव्हर ओढा, आणि हे करताना त्या नॉबकडे बघत राहा. नॉब आपोआप उलट दिशेने फिरली म्हणजे डबीतून फिल्म सुटतेय, सगळं ठीक. नॉब ढिम्म असेल तर फिल्म स्पूलमध्ये अडकलेली नाही, काउंटर काहीही म्हणो. काउंटरवर विश्वास ठेवू नका, तो फक्त लिव्हर किती वेळा ओढलं ते मोजतो. पहिला-दुसरा फोटो काढतानाही एकदा नॉबकडे नजर टाकायची, मला अजून सवय आहे, हसतात लोक, हसू दे.

आणि आयएसओ डायल! रोल भरला की लगेच, दुसरं काही करायच्या आधी, डायल रोलच्या आकड्यावर आणा. १९८३ नंतर रोलच्या डबीवर ती चांदीसारखी चौकटी नक्षी आली, डीएक्स कोड, नंतरचे कॅमेरे ती स्वतः वाचतात. जुन्या मेकॅनिकलला ते काही कळत नाही. डबीच्या खोक्याचा तुकडा फाडून कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवून टाका, कारण तीन आठवड्यांनी आत कुठला रोल आहे हे आठवत नाही, आणि मग माणूस 'बघू तरी' म्हणून झाकण उघडतो. नका उघडू. चुकून उघडलंच तर ताबडतोब बंद करा, बाहेर दिसणारे काही फोटो गेले, पण स्पूलवर घट्ट गुंडाळलेले आतले बरेचसे वाचतात. रोल फेकून देऊ नका.

६. उजेड मोजणं

मीटर नसला तरी चालतं, कारण ऊन सगळीकडे साधारण सारखंच पडतं. नियम असा: लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ ठेवा आणि शटर स्पीड म्हणजे रोलच्या आयएसओइतका भाग, आयएसओ ४०० असेल तर १/५०० (कॅमेऱ्यावर १/४०० नसतो, जवळचा घ्यायचा). पातळ ढग असतील तर एफ ११, आभाळ भरून आलं असेल तर एफ ८, सावलीत एफ ५.६ किंवा एफ ४. एवढं पाठ झालं की मीटर बंद पडला तरी घाबरायला होत नाही.

मीटर वापरताना एवढं लक्षात घ्या की त्याला समोर काय आहे ते कळत नाही, त्याला सगळं जग मध्यम राखाडी वाटतं. समोर पांढरी भिंत असली की तो म्हणतो बाप रे केवढा उजेड, आणि फोटो अंधारा करून ठेवतो. काळा कोट घातलेला माणूस असेल तर उलटं. आकाश हा सगळ्यात मोठा चोर. माणसाच्या मागे मोठं पांढरट आकाश असेल तर मीटर आकाश मोजतो आणि चेहरा काळा. म्हणून मोजताना कॅमेरा जरा खाली झुकवा, आकाश बाहेर जाऊ दे, आकडा घ्या, मग परत वर करून फोटो काढा.

निगेटिव्ह फिल्मचा स्वभाव डिजिटलच्या बरोबर उलट आहे, आणि डिजिटलवरून आलेल्यांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं. डिजिटलमध्ये आपण पांढरं जळू नये म्हणून जपतो, अंधार नंतर उजळता येतो. निगेटिव्हमध्ये अंधारात जे उमटलंच नाही ते कुठूनही आणता येत नाही, तिथे निगेटिव्ह नुसती काचेसारखी पारदर्शक असते आणि स्कॅनमध्ये चिखल येतो. उजेड मात्र ती खूप पचवते. म्हणून ज्या सावलीत तुम्हाला काहीतरी दिसायला हवंय, त्या सावलीचा विचार करून आकडा ठरवा, आणि दोन आकड्यांत घुटमळलात तर जास्त उजेडाचा घ्या.

हात हलण्याचंही बघा. ५० एमएम लेन्सला १/६० च्या खाली गेलात तर कशाला तरी टेका.

७. रोल चालू असताना

वही काढा. प्रत्येक फ्रेमला एक ओळ: नंबर, अ‍ॅपर्चर, शटर, उजेड कसा होता. '१४, एफ ८, १/२५०, ढग, पोरगी सायकलवर' एवढं बास. कंटाळवाणं आहे, मला माहितीये, आणि दुसऱ्या रोलला तुम्ही ते सोडून द्याल, पण पहिल्या रोलला तरी करा. डिजिटल फोटोत हे आकडे आत लपलेले असतात, फिल्ममध्ये ते कुठेच नसतात, आणि महिनाभराने निगेटिव्ह हातात आली की हा फोटो इतका अंधारा का आला याचं उत्तर त्या ओळीतच मिळतं.

रोल लवकर संपवा. तीन-चार आठवड्यांत संपेल असं बघा, एक रोल वर्षभर पुरवला तर शिकणं काय डोंबल होणार? आणि कॅमेरा उन्हात गाडीत ठेवू नका, फिल्मला उकाडा सोसत नाही. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये ठेवले तर उत्तम, फक्त बाहेर काढल्यावर तास-दोन तास डबी बंदच राहू द्या, नाहीतर आत दव धरतं.

रेंजफाइंडर कॅमेरा असेल तर त्याची खिडकी लेन्समधून बघत नाही, वेगळी असते, त्यामुळे लेन्सची टोपी लावलेली असली तरी समोर सगळं छान दिसतं. माझ्या एका मित्राने अख्खी सहल अशी काढली. पुढचं सांगत नाही.

विमानाने जाणार असाल तर रोल कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका, तिथली एक्स-रे मशीन जोरदार असतात. हातातल्या बॅगेत ठेवा, पारदर्शक पिशवीत, आणि हाताने तपासायची विनंती करा. नवीन सीटी स्कॅनर तर कमी आयएसओच्या रोललाही धुरकट करतात.

८. रोल बाहेर काढणं

लिव्हर मध्येच अडलं की रोल संपला. जोर लावू नका, फिल्म डबीतून उपटून येते. कॅमेऱ्याच्या तळाशी छोटं बटण असतं ते दाबा, दांडी उलगडून बाणाच्या दिशेने सावकाश फिरवत राहा. आधी ताण जाणवतो, शेवटी एकदम हलकं होतं, तेव्हा फिल्म आत गेली. त्यानंतरही पाच-सहा फेरे फिरवा आणि मगच झाकण. टोक पूर्ण आत गेलेलं बरं, म्हणजे वापरलेला रोल चुकून परत भरला जात नाही (हेही केलंय, दोन गावं एकावर एक).

फिल्म तुटली किंवा अडकली असं वाटलं तर झाकण न उघडता कॅमेराच लॅबमध्ये न्या, ते अंधारात काढून देतात.

९. धुवायला देणं, किंवा घरी धुणं

पहिले दोन रोल लॅबला द्या. देताना हे विचारा: हा प्रोसेस तुम्ही स्वतः करता की बाहेर पाठवता, स्कॅन किती पिक्सेलचे मिळतील, आणि निगेटिव्ह परत मिळतात ना. हे शेवटचं लेखी घ्या. एका लॅबने मला फक्त स्कॅनची लिंक पाठवली, निगेटिव्ह मागायला गेलो तर म्हणाले आम्ही महिन्याने टाकून देतो. ते स्कॅन इतके छोटे होते की पोस्टकार्डापलीकडे काही निघालं नसतं.

घरी धुणं वाटतं तेवढं भयंकर नाही, निदान ब्लॅक अँड व्हाइट तरी. डार्करूम लागत नाही. एक टाकी, तिच्यातली रीळ, चेंजिंग बॅग (हात घालता येतील अशी, उजेड न शिरणारी पिशवी), थर्मामीटर, मोजपात्रं, घड्याळ, डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), स्टॉप बाथ (त्याचं काम थांबवणारं), फिक्सर (चित्र पक्कं करणारं). अंधार फक्त फिल्म रिळात चढवून टाकीचं झाकण लावेपर्यंत हवा, तो चेंजिंग बॅगेत होतो. मोबाइल आणि चमकणारं घड्याळ बॅगेच्या बाहेर ठेवा. अवघड काय असेल तर ते हे रिळात चढवणं, आणि म्हणूनच तो सरावाचा रोल. आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग बॅगेत. रीळ ठणठणीत कोरडी हवी, जरा ओल असली की फिल्म अडते, हाताला घाम फुटतो, घामाने बॅग दमट होते आणि फिल्म अजूनच अडते. असं झालं तर फिल्म टाकीत तशीच ठेवून झाकण लावा, हात बाहेर काढा, चहा पिऊन या.

एचपी ५ प्लस ४०० वर काढला असेल तर आयडी-११ किंवा डी-७६ डेव्हलपर पाणी न मिसळता, २० अंश सेल्सिअसला, साडेसात मिनिटं. सुरुवातीला दहा सेकंदांत चारदा टाकी उलटीसुलटी करायची, मग दर मिनिटाला तसंच, आणि दर वेळी टाकी टेबलावर हलकेच आपटायची म्हणजे बुडबुडे सुटतात. मग स्टॉप बाथ अर्धा मिनिट, फिक्सर पाच मिनिटं, आणि धुणं. नळ अर्धा तास सोडून ठेवायची गरज नाही, इल्फर्डची पद्धत वापरा: टाकी भरून ५ वेळा उलटी करा, पाणी ओता, परत भरून १० वेळा, परत भरून २० वेळा. शेवटी वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रवाचे) थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून जिथे कुणी ये-जा करत नाही अशा ठिकाणी टांगा. बाथरूम सगळ्यात बरं, धूळ कमी. खालच्या टोकाला चिमटा लावा, नाहीतर ती गुंडाळते.

फिक्सर चांगला आहे का हे बघायला रिळात चढवताना कापलेला फिल्मच्या टोकाचा तुकडा त्यात टाका आणि तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा, त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करायचं. वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात फिल्ममधली चांदी उतरलेली असते, बाटलीत साठवा आणि धोकादायक कचरा किंवा चांदी काढून घेणारे असतील त्यांना द्या. बाटल्यांवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, लहान मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका, खिडकी उघडी ठेवा.

रंगीत सी-४१ घरी होतं, पण त्याचा डेव्हलपर ३७.८ अंशाला सव्वातीन मिनिटं लागतो आणि तापमान अर्ध्या अंशाने हललं तरी रंग हलू शकतात. ब्लॅक अँड व्हाइटचे पाच रोल नीट धुऊन झाले की मग.

१०. निगेटिव्ह बघा, मग स्कॅन

वाळल्या वाळल्या स्कॅनरकडे पळू नका. निगेटिव्ह खिडकीकडे धरून बघा, ती बरंच सांगते. फ्रेम कोऱ्या आणि कडेचे आकडे-अक्षरं स्पष्ट असतील तर धुणं बरोबर झालंय, उजेडच पोचला नाही. कडेची अक्षरंही नसतील तर डेव्हलपरच्या आधी फिक्सर पडला किंवा डेव्हलपर मेलेला होता. सगळंच काळंकुट्ट असेल तर कुठेतरी उजेड घुसला. कडेची अक्षरं दिसतायत का, हा एक प्रश्न विचारला तरी निम्मं निदान होतं.

स्कॅनसाठी फ्लॅटबेड स्कॅनर चालतो, पण डिजिटल कॅमेरा, मॅक्रो (अगदी जवळचं टिपणारी) लेन्स आणि खालून सारखा उजेड देणारं पॅनेल असेल तर त्याने जास्त लवकर आणि जास्त चांगलं होतं. धूळ फुंकर मारून उडवू नका, थुंकी उडते, हवेचा रबरी पंप घ्या.

मग कापायचं. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या, कात्री दोन फ्रेमच्या मधल्या रिकाम्या जागेवरूनच, आणि दोन्ही बाजूंनी फक्त कडेला धरून. निगेटिव्हसाठीच्या पाकिटांत घाला, पीव्हीसी नसलेल्या. पाकिटावर तारीख, रोलचं नाव आणि वहीचा पान नंबर लिहा, पण निगेटिव्ह आत सरकवायच्या आधी लिहा. मी आधी भरून मग वरून बॉलपेनने लिहिलं होतं, आणि माझ्या तिसऱ्या रोलमधल्या एका आकाशात आजही पुसटसा '३' दिसतो.